दुसऱ्याची वेलांटी

जगात परोपकाराचे प्रकार पुष्कळ आहेत. परंतु ज्यात उपकार करणाऱ्यास अतिशय आनंद आणि उपकृतास अतिशय संताप होतो असा प्रकार बहुधा एकच, आणि तो म्हणजे दुसऱ्याच्या लेखनातील चुका दाखवून देणे. भुकेल्यास अन्न दिले तर तो दुवा देतो. वाट चुकलेल्यास वाट दाखविली तर तो निदान मान तुकवितो. पण 'आशिर्वाद' लिहिणाऱ्यास त्यातील 'शी' दीर्घ असल्याची आठवण द्या, की तुम्ही जणू त्याच्या खिशात हात घातला आहे, अशा मुद्रेने तो तुमच्याकडे पाहू लागतो. बरे, दाखविणाऱ्याचा हेतू दुष्ट असतो असेही नाही. काही माणसांची प्रकृतीच अशी असते, की लेखनातली चूक दिसताच त्यांस दाताखाली खडा आल्यासारखे होते. भात कितीही सुग्रास असो, पंक्तीतून उठताना त्यांस त्या खड्याखेरीज दुसरे काही आठवत नाही. या मंडळींत आमचीही गणना होते, हे आरंभीच सांगितलेले बरे. म्हणजे पुढील विवेचन परक्या पक्षाच्या वकिलाचे आहे, असा संशय कोणास येणार नाही.

पूर्वी या प्रकृतीचा उपद्रव बेताचा होता, कारण लिहिणारेच बेताचे होते. कोणी पत्र लिही, कोणी खाते लिही, कोणी अर्ज लिही. बाकीचा समाज बोलून आपला व्यवहार भागवी. आता तसे राहिले नाही. शाळा सोडल्यानंतर सहीपलीकडे ज्याने अक्षर काढले नव्हते, तोही खिशातल्या फोनवर दिवसाकाठी दहा-वीस निरोप लिहितो, आणि ते चारचौघांच्या, कधी चारशे जणांच्या दृष्टीस पडतात. बोलताना हवेत विरून जाणारे शब्द आता डोळ्यांपुढे उभे राहतात, आणि त्यांच्या वेलांट्याही त्यांच्याबरोबर उभ्या राहतात. म्हणून दुसऱ्याची चूक दुरुस्त करावी की न करावी, हा प्रश्न पंतोजींचा किंवा मुद्रितशोधकाचा न राहता घरोघरचा झाला आहे.

दुरुस्ती करावी असे म्हणणाऱ्यांची बाजू पोकळ नाही, हे प्रथम मान्य केले पाहिजे. मराठीत एका वेलांटीने अर्थ पालटतो. 'दिन' म्हणजे दिवस आणि 'दीन' म्हणजे गरीब. 'शिर' म्हणजे डोके आणि 'शीर' म्हणजे रक्तवाहिनी. 'सुत' म्हणजे मुलगा आणि 'सूत' म्हणजे धागा. 'पाणि' म्हणजे हात, आणि 'पाणी' काय ते सांगावयास नको. दरवर्षी २७ फेब्रुवारीस, कुसुमाग्रजांच्या जन्मदिवशी, मराठी भाषा गौरव दिन साजरा होतो. त्या दिवशीच्या फलकावर 'दिन' शब्दाची वेलांटी चुकली, की गौरव बाजूस राहून भाषाच दीन होते. आणि तीही नेमकी तिच्या कैवाऱ्यांच्या हातून!

अक्षराच्या फेरफाराने काय अनर्थ होतो, याची आठवण तर मराठी माणसास कोणी करून देण्याची गरज नाही. १७७३ साली शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. हुकुमातील 'धरावे' या शब्दाचे 'मारावे' केल्यामुळे तो झाला, अशी आख्यायिका आहे. इतिहास तिला किती मान देतो हा प्रश्न निराळा; भाषेने मात्र 'ध'चा 'मा' करणे या वाक्प्रचाराच्या रूपाने तिला अमर केले. परंतु या आख्यायिकेकडे दुरुस्तीच्या कैवाऱ्यांनी जरा निराळ्या बाजूनेही पाहावे. ज्या कोणी तो 'मा' लिहिला असेल, त्याचे शुद्धलेखन मुळीच चुकले नव्हते. 'मारावे' हे क्रियापद व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. तात्पर्य, अक्षर शुद्ध असणे आणि लेखन शुद्ध असणे या दोन गोष्टी एक नव्हेत, हा धडाही त्याच कथेत आहे. आम्ही तो सहसा वाचीत नाही, एवढेच.

शिवाय शुद्ध म्हणजे काय, हा प्रश्न दिसतो तितका सरळ नाही. शिवकाळापासून पेशवाई बुडेपर्यंत, आणि त्यानंतरही कित्येक वर्षे, मराठी मुलखाचा कारभार ज्या मोडी लिपीत चालला, तिच्यात इकार-उकारांचा ऱ्हस्व-दीर्घ भेद सामान्यतः पाळीत नसत. शब्द तोडून लिहिण्याचीही चाल नव्हती. मराठ्यांच्या फौजा १७५८ साली अटकेपर्यंत गेल्या. त्यांच्या पत्रांतील वेलांट्या तपासण्यासाठी कोणी अटकेवर चौकी बसविली नव्हती. पुढे छापखाने आले, शाळा आल्या, क्रमिक पुस्तके आली. १८३६ साली दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' प्रसिद्ध केले. १९११ साली मोरो केशव दामले यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' आले. आणि हळूहळू एका शब्दाचे एकच रूप खरे, अशी समजूत सुशिक्षितांत दृढ झाली.

पण ते एकच रूप तरी कायमचे कोठे आहे? आमच्या आजोबांच्या पिढीस 'कांहीं' हा शब्द दोन अनुस्वारांवाचून लिहिणे म्हणजे पागोटे न घालता दरबारात जाण्यासारखे वाटे. मराठी साहित्य महामंडळाने केलेले चौदा नियम १९६२ साली महाराष्ट्र सरकारने मान्य केले, १९७२ साली त्यांत आणखी चारांची भर पडली, आणि ज्यांचा उच्चार होत नाही असे व्युत्पत्तीच्या नावावर जगणारे सारे अनुस्वार एका फटक्याने सेवानिवृत्त झाले. 'कवि' होता तो 'कवी' झाला. 'कविराज' मात्र पूर्वीसारखाच ऱ्हस्व राहिला. जे टिंब न दिल्याबद्दल बापाने छडी खाल्ली, तेच टिंब दिल्याबद्दल मुलाच्या वहीवर तांबडी रेघ आली. 'पाणी' न म्हणता 'पानी' म्हणणाऱ्यास आपण हसतो. परंतु जिच्यापासून मराठी निघाली असे मानतात, त्या माहाराष्ट्री प्राकृतात शब्दाच्या आरंभीच्या 'न'चासुद्धा सामान्यतः 'ण' होत असे. हालाच्या सप्तशतीतील एखादा खेडूत आज उठून आला, तर आपल्या 'नदी'स आणि 'नयना'स तो खुशाल नावे ठेवील.

यावरून कोणी असा निष्कर्ष काढील, की नियम नकोतच. ज्याने त्याने वाटेल तसे लिहावे. आमचे म्हणणे तसे नाही. रस्त्याच्या डाव्या बाजूने जावे, हाही नियम काही वेदात सांगितलेला नाही. तो कराराचा आहे. आणि कराराचा आहे म्हणूनच तो सर्वांनी पाळला तर सर्वांची सोय होते. शुद्धलेखनाचे तसेच आहे. ते पुण्य नव्हे, सोय आहे. आणि सोय ही क्षुल्लक वस्तू नव्हे. पण हमरस्त्यावरचा हा नियम घेऊन कोणी शेताच्या बांधावरून चाललेल्या माणसास 'डावीकडून चला' म्हणून दटावू लागला, तर त्यास काय म्हणावे? बांध त्याचा, शेत त्याचे, पाय त्याचे. आमच्या मते या वादाचे मर्म येथे आहे. चूक केवढी, हा पहिला प्रश्न नव्हे. ज्यावर ती झाली ती वाट कोणाची, हा पहिला प्रश्न आहे.

बांधावरच्या भाषेचे उदाहरण घेऊ. 'मला पुस्तक मिळाले' असे न म्हणता 'मला पुस्तक भेटले' असे म्हणणारी मराठी माणसे पुष्कळ आहेत. नागपूरकडचा माणूस 'मी काम करतो आहे' असे म्हणावयाचे तर 'मी काम करून राहिलो' म्हणतो. ही ऐकताच काही जणांच्या कपाळावर आठ्या चढतात. परंतु ज्या मुलखात माणसाला माणूस भेटतो तशी वस्तूही भेटते, तेथील भाषेत ती चूक नव्हे, ती तेथील रीत आहे. बहिणाबाई चौधरींना (१८८०–१९५१) लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात आणि जात्यावर त्या जे रचीत गेल्या ते घरच्यांनी टिपून ठेवले, आणि त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ते प्रसिद्ध झाले. टिपणाऱ्याने खानदेशचा एकेक शब्द धुऊन-पुसून पुण्याच्या मापाचा केला असता, तर व्याकरणाचे समाधान झाले असते, आणि महाराष्ट्राच्या हाती फक्त ते समाधान उरले असते.

वाट कोणाची हे न पाहता केलेल्या दुरुस्तीचे एक थोर उदाहरण आमच्या वाङ्मयाच्या इतिहासातच आहे. १८७३ साली जोतीराव फुले यांचे 'गुलामगिरी' हे पुस्तक निघाले. धोंडिबा आणि जोतीराव यांच्या संवादाच्या रूपाने शूद्रातिशूद्रांच्या दास्याची मीमांसा त्यात केलेली असून अमेरिकेतील गुलामांच्या मुक्ततेसाठी झटणाऱ्या लोकांस ते अर्पण केलेले आहे. त्यानंतर काही वर्षांनी विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी आपल्या 'निबंधमाले'त जोतीरावांच्या लेखनाचा समाचार घेतला, आणि त्यात त्यांच्या भाषेची व व्याकरणाची यथेच्छ थट्टा केली. शास्त्रीबोवांचे मराठी गद्यावर केवढे ऋण आहे हे आम्ही जाणतो, आणि त्याबद्दल आमच्या मनात कृतज्ञताच आहे. तरीही हे म्हणणे प्राप्त आहे, की जोतीरावांनी विचारलेला प्रश्न विभक्तिप्रत्ययांचा नव्हता. पिढ्यान्पिढ्या ज्यांच्यासाठी शाळेचे दार उघडलेच नाही, त्यांच्या वतीने एक माणूस 'हे दार कोणी लावले?' असे विचारीत होता. आणि त्यास उत्तर मिळाले, की तुझ्या प्रश्नात व्याकरणाच्या चुका आहेत. ज्याने १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली, त्यास शाळेच्या नावाने हिणवावे, यात विनोद असला तरी तो शास्त्रीबोवांच्या बाजूचा नव्हे.

वादात दुरुस्ती हे शस्त्र किती सोयीचे असते, हे त्या दिवसापासून आजपर्यंत पाहावयास मिळते. प्रतिपक्षाच्या म्हणण्यास उत्तर द्यावयाचे तर विचार करावा लागतो, माहिती काढावी लागते, कदाचित आपले मत बदलावेही लागते. त्याची वेलांटी काढावयास यातील काहीच लागत नाही. पाणी येत नाही म्हणून एखादी बाई वॉर्डातल्या लोकांपुढे तक्रार लिहिते, आणि तिला पहिले उत्तर मिळते ते असे, की 'टाकी'तील 'की' दीर्घ असते. पाणी आले नाही ते नाहीच. वर टाकीही चुकली!

पण वादातील दुरुस्ती निदान रागाने केलेली असते, आणि रागाचा घाव माणूस ओळखतो. प्रेमाने केलेली दुरुस्ती याहून खोल जाते. आमच्या नात्यातील एक काकू चौथीपर्यंत शिकलेल्या. सत्तरी उलटल्यावर नातवाकडून त्या फोनवर मराठी लिहावयास शिकल्या. काका गेल्यावर, तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी, त्यांनी कुटुंबातील सर्वांसाठी एक लांबलचक निरोप लिहिला. अखेरच्या रात्री काकांनी पेज मागितली, दोन चमचे घेतली, आणि मीठ कमी असल्याची तक्रार केली. एक्कावन्न वर्षांच्या संसारात त्या तक्रारीचा आपणांस प्रथमच आनंद झाला, असे त्यात होते. काने-मात्रे हवे तेथे नव्हते, 'मीठ' ऱ्हस्व झाले होते, आणि पूर्णविराम तर एकही नव्हता. तासाभरात एका पुतण्याचे उत्तर आले. त्याने सात शब्द निवडून 'अशुद्ध' आणि 'शुद्ध' असे दोन रकाने केले होते, आणि खाली लिहिले होते, 'काकू, राग मानू नये. मराठी टिकली पाहिजे.' पुतण्या वाईट नाही. काकांच्या आजारपणात रात्री जागविणाऱ्यांत तो होता.

काकूंनी राग मानला नाही. त्यांनी दोन जोडलेल्या हातांचे चित्र पाठविले. त्याला आता दीड वर्ष होत आले. या काळात त्यांच्याकडून चित्रेच येतात. सणाला पणती, वाढदिवसाला फूल. पुढे एकदा भेटीत आम्ही त्यांस लिहिण्याबद्दल विचारले, तेव्हा त्या हसून म्हणाल्या, 'अरे, मला मेलीला ते ऱ्हस्व-दीर्घ कुठले कळायला! उगीच तुमच्या मराठीला डाग नको.' सात शब्दांच्या त्या दुरुस्तीने काय साधले याचा हिशेब 'तुमच्या' या एका शब्दात आहे. जी भाषा त्या जन्मभर बोलल्या, जिच्यात त्यांनी मुलांना निजविले आणि नवऱ्याशी भांडण केले, ती त्यांची राहिली नाही. ती आमची झाली. 'मीठ' दीर्घ झाले खरे; पण ती पेज पुढे कोणाच्या वाट्यास आली नाही.

मग दुरुस्ती करावयाची तरी कोठे? आम्ही म्हणतो, हमरस्त्यावर; आणि तेथे ती अवश्य करावी. जे लेखन कोणा एकाचे नसून सर्वांच्या नावाने उभे असते, ते सर्वांचे आहे, आणि त्यातील चूक दाखविणे हा आगाऊपणा नव्हे, तो नागरिकाचा हक्क आहे. पाठ्यपुस्तक, वर्तमानपत्र, सरकारी अर्जाचा नमुना, रेल्वे स्थानकावरील पाटी, नगरपालिकेचा फलक, ही अशी स्थळे होत. महाराष्ट्रात दुकानांच्या पाट्या मराठीत असाव्या यासाठी २०२२ साली कायदा अधिक कडक झाला. मराठी अक्षरे इतर लिपींतील अक्षरांहून लहान असू नयेत, असे त्यात सांगितले आहे. कायद्याने अक्षराची उंची मोजली, ते चांगलेच केले. वेलांटी मोजण्याचे काम मात्र तुमच्या-आमच्याकडे राहिले. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला. दर्जा दिल्लीहून येतो. पाटी गल्लीत लागते. त्या पाटीवर 'सूचना' हा शब्द ऱ्हस्व उकाराने लिहिलेला असेल, तर संबंधित कचेरीस एक सभ्य पत्र लिहिणे, आणि उत्तर न आल्यास दुसरे लिहिणे, यात भाषेची खरी सेवा आहे. परंतु गंमत अशी, की चुलतीच्या निरोपातील सात चुका शोधणारे बहुतेक लोक या पाटीखालून रोज निमूटपणे जातात. चुलती उलट बोलत नाही, आणि कचेरीस पत्र घालण्यास तिकीट लागते, हे तर त्याचे कारण नसेल?

हमरस्ता सोडून खाजगी वाटेवर आलो, की आमच्या मते दुरुस्तीस दोनच परवाने आहेत. एक, लिहिणाऱ्याने स्वतः विचारले असले पाहिजे. किंवा दुसरा, न सांगितल्यास त्याचे नुकसान होणार असले पाहिजे. गेल्या वर्षी आमच्या परिचयातील एक तरुण पतपेढीतील कारकुनाच्या जागेसाठी लिहिलेला मराठी अर्ज घेऊन आला. 'शैक्षणीक', 'पुर्ण', 'आणी' असे शब्द त्यात जागोजागी होते. येथे गप्प बसणे हे सौजन्य नव्हे, ती हयगय होय. कारण तो अर्ज जो वाचणार, तो या मुलाची हुशारी त्या वेलांट्यांवरून जोखणार, आणि त्याचे कारण मुलास कधीच कळणार नाही. आम्ही पेन्सिल घेतली, आणि नुसते शब्द न सुधारता त्यास दोन गोष्टी सांगितल्या. मराठी शब्दाच्या शेवटी येणारा इकार-उकार दीर्घ, जसे 'पाटी', 'वाळू'. 'आणि' हा त्यास अपवाद. शेवटचे अक्षर अकारान्त असेल तर त्याच्या आधीचा इकार-उकार मराठी शब्दांत दीर्घ, जसे 'वकील', 'फूल'. पण प्रत्यय लागून शब्द वाढला की तोच ऱ्हस्व, 'वकिलाला', 'फुलाला'. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द मात्र आपले मूळ रूप सोडीत नाहीत, म्हणून 'गुण' आणि 'पूर्ण'. त्याने 'वकील' आणि 'वकिलाला' हे दोन्ही शब्द दोन-तीनदा मोठ्याने म्हणून पाहिले, आणि त्याचा चेहरा उजळला. 'हे तर कानाला कळते!' असे तो म्हणाला. नियम आपल्या तोंडातूनच निघाला आहे, हे एकदा ध्यानात आले म्हणजे त्याची भीती उरत नाही. दुरुस्ती ती हीच, की जिच्यानंतर माणूस अधिक लिहू लागतो. जिच्यानंतर तो लिहिण्याचे टाकतो, तिला दुसरे काही नाव शोधावे.

परवाना असला तरी रीत राहतेच. जे सांगावयाचे ते एकट्यास सांगावे. चारचौघांत सांगितलेली चूक ही चूक न राहता शिक्षा होते. त्याने काय लिहिले त्यास आधी उत्तर द्यावे, मग कसे लिहिले ते बोलावे. सात चुका दिसल्या तर एक सांगावी. उरलेल्या सहा त्यास आपोआप दिसू लागतील, किंवा न दिसल्या तरी जग चालेल. चूक हाताची की यंत्राची, हेही पाहावे. फोन हल्ली आपल्याच बुद्धीने शब्द सुचवितो आणि घाईत तोच निघून जातो. 'शुद्ध' हा शब्द 'शुध्द' असा उमटलेला तर आम्ही शुद्धलेखनाचा पुरस्कार करणाऱ्या मजकुरातही अनेकदा पाहिला आहे. आणि सर्वांत आधी कोश उघडावा. 'महत्त्व' या शब्दात 'त' दोनदा येतो, कारण तो 'महत्' आणि 'त्व' यांचा मिळून झाला आहे. 'नेतृत्व' शब्दात तो एकदाच, कारण मूळ शब्द 'नेतृ' आहे. पहिला नियम ऐकून दुसऱ्याच्या 'नेतृत्वा'स जादा 'त्' जोडणारे दुरुस्तीकार आम्हांस ठाऊक आहेत. पुस्तकाच्या शेवटी शुद्धिपत्र असते हे ठीक; शुद्धिपत्रास शुद्धिपत्र जोडण्याची वेळ येऊ नये.

यावर कोणी म्हणेल, की इतकी बंधने पाळली तर भाषा बिघडेल. आम्हांस तसे भय वाटत नाही. भाषा चुकीने लिहिणाऱ्यांमुळे सहसा मरत नाही; ती न लिहिणाऱ्यांमुळे मरते. चुकत लिहिणाऱ्याच्या हाती उद्या सुधारण्याची शक्यता असते. लाजून गप्प बसलेल्याच्या हाती काहीच नसते. ज्या घरातील आजीने लिहिणे सोडले, त्या घरातील नात कोणत्या भाषेत लिहू लागेल, याचा अदमास वाचकांनीच करावा.

मराठीतील सर्वांत मोठी दुरुस्ती कोणती, असे आम्हांस विचारले, तर आम्ही पैठणकडे बोट दाखवू. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये झाली. सुमारे तीनशे वर्षे ती नकलांवरून नकला होत चालली, आणि प्रत्येक नकलाकाराने कळत-नकळत आपले काही तीत घातले. कोणी प्रमादाने, कोणी सुधारण्याच्या हौसेने. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी तिच्या प्रती मिळवून पाठ ताडून पाहिले, आणि अपपाठ काढून ग्रंथ शुद्ध केला. नाथ स्वतः मोठे कवी होते. मनात आणते तर जागोजागी आपली ओवी घालणे त्यांस अवघड नव्हते. पण त्यांच्यापुढे प्रश्न निराळा होता: हे मी कसे लिहिले असते हा नव्हे, तर ज्ञानदेवांनी काय म्हटले होते हा. दुसऱ्याचा आवाज स्वच्छ ऐकू यावा, एवढ्याचसाठी त्यांनी हात लावला. आणि काम झाल्यावर तो हात काढून घेतला.

दुसऱ्याच्या लेखनावर लेखणी टेकविण्यापूर्वी आम्हीही तेवढेच विचारावे: माझ्या या दुरुस्तीने त्याचा आवाज अधिक स्पष्ट ऐकू येईल, की माझा? उत्तर पहिले असेल, तर खुशाल वेलांटी बदलावी. दुसरे असेल, तर लेखणी खाली ठेवावी, आणि त्याने काय लिहिले आहे ते पुन्हा एकदा, सावकाश, वाचावे.